जरीतून करंट जातो का? पैठणीचं जॅकेट, एलईडी आणि हातमाग की जॅकार्ड

धागादोरा_नाशिक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे विणकामातले आणि इलेक्ट्रॉनिक्समधले दोन्हीकडचे लोक आहेत म्हणून इथेच विचारतेय. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे, फायनल कलेक्शनमध्ये एक जॅकेट करायचंय, पैठणीचं. आता नुसतं पैठणीचं जॅकेट म्हटलं तर त्यात नवीन काय, प्रत्येक लग्नात चार दिसतात. म्हणून डोक्यात असं आलंय की पदरातल्या मोरांच्या डोळ्यात आणि मुनियांच्या चोचीपाशी बारीक एलईडी लावायचे, आणि वायर कुठे दिसू द्यायची नाही, खरं तर वापरायचीच नाही, करंट जरीतूनच न्यायचा. जरी म्हणजे शेवटी धातूच ना?

अडचणी अशा की एक तर हे खरंच चालतं का तेच माहीत नाही. दुसरं म्हणजे आमचे सर म्हणतात उगाच हातमागाच्या नादी लागू नकोस, डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काढ, जॅकार्डच्या यंत्रावर विणून घे, तोच मोर येतो, कापड लगेच हातात आणि पैसेही निम्म्याहून कमी. मला ते पटत नाही आणि का पटत नाही तेही नीट सांगता येत नाही, आणि ज्युरीसमोर "मला हातमाग आवडतो" हे काही उत्तर होत नाही. तिसरं, आत्याची एक जुनी पैठणी आहे, काठ अजून झकास, मधलं रेशीम मात्र घडीघडीवर चिरलंय. आत्या म्हणते काप बिनधास्त, कपाटात कुजण्यापेक्षा बरी. आई म्हणते हात तर लावून दाखव. काय करू?

फक्त_वाचक

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आईचं ऐक. बाकी दोन तज्ज्ञांवर सोडतो आणि खुर्ची ओढून बसतो.

सर्किटवाली_पुणे

पहिल्या प्रश्नाचं मी सांगते, कारण हा उद्योग मी स्वतः करून बघितलाय. जरी जरीत फरक असतो, सगळं त्याच्यावर आहे. खरी जरी म्हणजे चांदीची तार ओढून, चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली आणि वरून सोन्याचा मुलामा. चांदी ही सगळ्या धातूंमध्ये करंटला सगळ्यात चांगली, म्हणजे तुझ्या आत्याची साडी खरंच जुनी असेल तर ती बहुतेक बोलेल. दुसरी असते तांब्याच्या तारेची, तिच्यावर चांदीचं पाणी दिलेलं असतं, बाजारात जिला टेस्टेड म्हणतात ती साधारण हीच. तांबंही उत्तम, पण तिच्यावर चमक टिकावी म्हणून वरून लॅकरचा थर असतो आणि लॅकरमधून करंट जात नाही, म्हणजे आतून वायर चांगली आणि वरून कोटिंग, इनॅमलच्या वायरसारखी. जिथे जोड द्यायचा तिथे तेवढं खरवडून घ्यावं लागतं. तिसरी प्लास्टिकची, पॉलिस्टरच्या पट्टीवर धातूचा अगदी नखाएवढाही नाही असा थर, त्यावर परत लॅकर. हिच्यातून तू दिवा लावायची स्वप्नं बघू नकोस. आणि आज दुकानात स्वस्तात मिळतं त्यात हीच जास्त.

ओळखायची कशी, तर मल्टिमीटर घे, बीप वाजतो त्या मोडवर ठेव, काठाच्या एकाच धाग्यावर दोन इंचावर दोन प्रोब टेकव. टेकव म्हणतेय, टोचू नकोस, रेशीम फाटेल. बीप आला तर धातू. नाही आला तर नखाने हलकेच खरवड आणि परत बघ. तेव्हाही नाही तर एक सुटा धागा पदराच्या टोकाचा काढ आणि काडीपेटीजवळ धर. प्लास्टिक आकसून त्याची टाचणीच्या डोक्याएवढी कडक गोळी होते. खऱ्या जरीत आतलं रेशीम केस जळल्यासारखा वास मारतं आणि तार तशीच राहते.

आता तुझ्या कल्पनेतली मोठी अडचण. करंट जरीतून जातो म्हणजे जरीच्या धाग्यातून जातो, आणि धागा कुठून कुठे जातोय ते तू बघितलंयस का? काठातली जर आडवी असते. समजा काठ ३ इंचाचा आहे आणि इंचाला ६० आडवे धागे बसलेत, तर एक इंच काठ विणायला १८० इंच जर लागते, म्हणजे १५ फूट. तुला करंट एक इंच वर न्यायचाय आणि तो बिचारा १५ फूट नागमोडी फिरणार, किंवा मग शेजारच्या धाग्याला चिकटला असेल तर शॉर्टकट मारणार. चिकटणं हे कापड वाकलं की बदलतं. म्हणजे तू हात वर केलास की मोराचा डोळा मिचमिचणार. काहींना ते आवडेलही म्हणा.

आणि पदराचं तर विचारूच नकोस, अख्खी जमीन, नक्षीच्या मागचं कापड, जरीची, म्हणजे सगळीकडे शॉर्ट. प्लस मायनस वेगळे ठेवायचे तरी कुठे?

धागादोरा_नाशिक

बापरे, १५ फूट! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे आयडियाच बाद?

मागावरचा_येवला

ताई, बाद कशाला, थांबा जरा. आमच्या घरी माग आहेत, येवल्यात, त्यामुळे मला इलेक्ट्रिकचं काही कळत नाही पण धागा कुठून कुठे जातो ते कळतं. वरच्या ताईंनी जे सांगितलं ते बरोबर आहे, पण एक गोष्ट त्यातून निसटली.

पैठणीच्या पदराला आमच्याकडे एकच धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे छोटी कांडी. मोराचा हिरवा जिथे संपतो आणि जमिनीची जर जिथे सुरू होते तिथे हे दोन धागे एकमेकांत अडकवायचे आणि आपापल्या बाजूला मागे फिरवायचे. हिरवा हिरव्याच्या हद्दीत, जर जरीच्या हद्दीत. भारी पदर असला तर एका ओळीत कितीतरी तिल्ल्या लोंबत असतात आणि प्रत्येक ओळीला सगळ्यांना एकेकदा हात लावायचा, म्हणून तर पदराला एवढा वेळ लागतो. म्हणूनच मागची बाजू पुढच्यासारखी दिसते, मागे लोंबते धागे नाहीत. लोक पैठणी उलटी करून बघतात ते ह्यासाठीच.

आता हे उलटं करा. जमीन रेशमाची ठेवा आणि मुनिया जरीची करा. मग प्रत्येक मुनिया म्हणजे जरीचं वेगळं बेट झालं, बाजूच्या मुनियेशी तिचा काही संबंध नाही, मध्ये रेशीम. तुमच्या प्लस मायनसला हेच पाहिजे ना? मला वाटतं हेच पाहिजे.

आणि दुसरं, काठ. जुन्या पद्धतीची कडियल असेल तर तिला तीन धोटे लागतात, डाव्या काठाचा एक, मधला एक, उजव्या काठाचा एक. काठाची जर काठातच फिरते, मधल्या रेशमात अडकून परत येते. म्हणजे दोन काठ एकमेकांपासून आपोआप वेगळेच. एकधोटीत तसं नाही, तिथे एकच धागा पार जातो. आत्याबाईंची साडी कुठली आहे ते मधल्या आणि काठाच्या सांध्यावर बघितलं की कळेल.

सर्किटवाली_पुणे

अरे!! दादा, हे भारी आहे. म्हणजे दोन काठ म्हणजे दोन रूळ, एक प्लस एक मायनस, फुकटात. मी इतके दिवस जरीला नुसती वायर म्हणून बघत होते, विणीकडे बघितलंच नव्हतं कोणी असं. १५ फुटांचा प्रश्न राहतोच पण तो सुटण्यासारखा आहे. दादा, जर उभी घेता येते का, म्हणजे ताण्यात? उभी आली तर एका इंचाला एकच इंच.

मागावरचा_येवला

घेता येते, घेतातही. पण जर आणि रेशीम यांचा ताण सारखा नाही, रेशीम थोडं लवचिक, जर ताठ. एकाच बीमवर, म्हणजे ताणा गुंडाळतात त्या रुळावर, दोन्ही घेतले तर जर एक तर सैल पडते नाहीतर तुटते, म्हणून जरीचा ताणा वेगळा ठेवायचा. आणि फणीत सारखी घासून तिची तार सुटायला लागते. मोजक्याच दोऱ्या घेतल्या तर जमतं. आमचे वडील म्हणाले की काठाला उभ्या जरीच्या चारपाच दोऱ्या, मध्ये रेशीम, मग परत चारपाच, असं करून देऊ. तुम्ही काय ते दिवे लावा म्हणाले, आम्हाला काय. (हसतायत.)

इचलकरंजीकर

आता मला बोलावंच लागतंय. इथं सगळ्यांनी हातमागाची आरती सुरू केली, जॅकार्ड म्हणजे कायतरी चोरीचा माल असल्यागत. तुमच्या सरांचं अगदीच चुकलं असं नाही बगा.

पयल्यांदा जॅकार्ड म्हणजे पॉवरलूम नव्हे. जॅकार्ड हे मागाच्या डोक्यावर बसणारं यंत्र, कुठला उभा धागा कधी वर उचलायचा तेवढं सांगतं. १८०४ मध्ये फ्रान्सातल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर ते चालवलं आणि ते बसवलं हातमागावरच. येवल्यातसुद्धा काठाला आणि बुट्टीला पुठ्ठे लागतात, विचारा त्या दादांना. पुठ्ठ्यांच्या जागी कॉम्प्युटर आला तो इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड, आणि तो पॉवरलूमवर बसला की मग तुमच्या सरांचं "लगेच हातात". तीन वेगळ्या गोष्टी हायत, एका पिशवीत घालू नका.

दुसरं, सॉफ्टवेअर तुम्हाला हातमागाला पण लागणारच. मोर कागदावर काढून विणकराच्या हातात दिला की झालं असं नसतंय. समजा इंचाला ८० उभे आणि ६० आडवे. तुम्ही फोटोशॉपमध्ये १६० बाय १६० चौकोनांचा मोर काढला, स्क्रीनवर एकदम गोल गुबगुबीत. कापडावर रुंदी येणार २ इंच आणि उंची येणार अडीचच्या वर, पावणेतीनच्या जवळ. मोराचा झाला बगळा. म्हणून आधी कापडाचे उभे आडवे मोजायचे आणि ग्राफ त्या मापात ताणून घ्यायचा. विणकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे आधीच मागतात. पैसे नसतील तर डिजीबुनाई नावाचं सरकारी सॉफ्टवेअर हाय, डिजिटल इंडिया कॉर्पोरेशननं केलेलं, फुकट मिळतंय, जॅकार्ड आणि डॉबी (बारक्या नक्षीचं यंत्र) दोन्हीला चालतंय.

तिसरं, करंटचं. जॅकार्डवर जरीचा जादा आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो हे खरं, जिथं नक्षी नाही तिथं मागं लोंबतो. पण ते मागचे कापून टाकायचे की. कापले की तुमची बेटं वेगळी. जी गोष्ट तिकडं महिनाभर हातानं करतात ती इथं कात्रीनं होते.

मागावरचा_येवला

दादा, पुठ्ठ्यांचं कबूल आहे, काठ आणि बुट्टी आमच्याकडेही जॅकार्डवर होते, कोणी लपवत नाही. पदर मात्र हातावरच. पण कापायचं म्हणता तर कापलेल्या जरीची टोकं कुठे जाणार? प्रत्येक मुनियेला दोन्ही बाजूंनी मागे कुसळं. रेशमाची असती तर काही नाही, जरीची कुसळं अंगाला टोचणार आणि एकमेकांना लागणार. ताईंना शॉर्ट नको आहे ना?

सर्किटवाली_पुणे

हो, कुसळं म्हणजे शॉर्टच. आणि ती कधी लागतील कधी नाही, तो प्रकार सगळ्यात वाईट, शोधून सापडत नाही. हातावरच्या विणीत धागा वळून परत येतो, टोकच नाही, त्यामुळे बेटाची कड स्वच्छ. इचलकरंजीकर दादा, तुमचे दोन मुद्दे मान्य, हा तिसरा नाही.

इचलकरंजीकर

मान्य करू नका की, मी पण चौथा सांगतो. दुपदरी कापड विणायचं. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर एकावर एक दोन थर एकाच वेळी विणता येतात, जरीचा धागा वाटेल तिथं वरच्या थरातून खालच्यात घालायचा आणि हवा तिथं परत वर काढायचा. दोन तारा एकमेकींना ओलांडून गेल्या तरी मध्ये कापड, लागणारच नाहीत. हे तुमच्या तिल्लीनं करा बरं. करता येईल म्हणा, पण तुमचे वडील हसणार नाहीत, काठी घेऊन मागं लागतील.

आखेनहून

मी जर्मनीत आखेनला टेक्स्टाइलमध्ये मास्टर्स करतेय, मूळची संगमनेरची. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं.

धागादोरा, तुझ्या ज्युरीसाठी एक दणदणीत गोष्ट देते. कपड्यात सर्किट शिवायची कल्पना जिथे लवकर आकाराला आली त्यातली एक जागा म्हणजे एमआयटीची मीडिया लॅब, १९९० चं दशक संपता संपता. तिथे रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ वगैरे मंडळींनी जे कापड घेतलं ते काही लॅबमध्ये बनवलं नव्हतं, ती जरीची ऑर्गन्झा होती, म्हणजे पातळ आरपार दिसणारं रेशमी कापड. एका दिशेच्या धाग्यांत साधं रेशीम आणि दुसऱ्या दिशेच्या धाग्यांत धातूची पट्टी गुंडाळलेलं रेशीम. २००० साली आयबीएमच्या जर्नलमध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलंय की असं कापड भारतात निदान शंभर वर्षं तरी शोभेसाठी विणलं जातंय. त्यांना त्यात काय आवडलं, तर रेशीम मजबूत, उष्णता सहन करतं, आणि धातूचे धागे एकमेकांपासून अंतरावर असल्याने प्रत्येक धाग्यात वेगळा सिग्नल सोडता येतो. ऑर्गन्झाची पट्टी म्हणजे चक्क कॉम्प्युटरच्या आतली चपटी केबल.

मग २०१५ मध्ये गूगलने करंट वाहणारा धागा साध्या मागावर विणायचा प्रकल्प जाहीर केला आणि त्याला नाव काय दिलं तर जॅकार्ड. २०१७ मध्ये लिवाइजबरोबर जॅकेट बाजारात आलं, ३५० डॉलरचं, डाव्या मनगटाशी त्या धाग्यांचा एक पट्टा, त्यावर हात फिरवला की फोनवरचं गाणं बदलायचं. धाग्याची रचना बघशील तर आत धातूची बारीक तार आणि बाहेरून कापूस, रेशीम, पॉलिस्टर असलं काही. जरीच्या बरोबर उलट! जरीत रेशीम आत आणि धातू बाहेर. त्यांनी तार झाकली म्हणून त्यांना शॉर्टची भीती कमी, पण प्रत्येक जोडाला आतली तार उघडी करत बसावं लागायचं. आपल्याकडे तार बाहेरच आहे, जोड सोपा, पण वेगळं ठेवणं अवघड. आणि वेगळं ठेवायचं काम येवल्याच्या दादांची वीण करते. आमच्या वर्गात अशा बेटांसाठी काय काय खटाटोप चालतात, कोटिंग, छपाई, लेझरने कापणं, आणि तिकडे तिल्लीवर ते होतंय.

दुपदरी कापडाचा मुद्दा इचलकरंजीकर दादांचा शंभर टक्के बरोबर आहे, इंडस्ट्रीत तसंच करतात. तुझ्या जॅकेटला त्याची गरज नाही एवढंच, तारा ओलांडाव्या लागणारच नाहीत असं डिझाइन कर.

धागादोरा_नाशिक

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आता असं समजलेय, चूक असेल तर सांगा. उभ्या जरीच्या दोन पट्ट्या, एक प्लस एक मायनस, मध्ये रेशीम. जमीन जरीची नाही, रेशमाची. मुनिया जरीच्या, प्रत्येक स्वतंत्र. काही मुनिया प्लसच्या पट्टीवर बसतील अशा काढायच्या आणि काही मायनसच्या, कारण आडवी जर उभ्या जरीला ओलांडेल तिथे आपोआप जोड. आणि दोन मुनिया चोचीला चोच लावून समोरासमोर, मधल्या फटीत एलईडी. म्हणजे नक्षी हेच सर्किट!

मोर बहुतेक सोडून द्यावा लागेल, त्याचा पिसारा दोन्ही पट्ट्यांवर पसरतो. बांगडी मोर, गोल बांगडीतला मोर, करायचा होता हो मला.

सर्किटवाली_पुणे

बरोब्बर समजलीस. दोन सुधारणा. नुसतं एकमेकांवरून गेलं म्हणजे पक्का जोड नाही, विशेषतः लॅकरवाल्या जरीत. तिथे मागून बारीक सोल्डर मार, पटकन, रेशीम नायलॉनसारखं वितळत नाही त्यामुळे टोक टेकवून लगेच उचललं तर चालतं, रेंगाळलीस तर काळं पडेल. आधी तुकड्यावर हात बसव. आणि बॅटरी नाण्याचीच घे, सीआर२०३२, ३ व्होल्टची. लाल किंवा पिवळे एलईडी घे, ते दोन व्होल्टच्या आसपास लागतात, निळ्या पांढऱ्याला तीन लागतात मग बॅटरी जरा उतरली की अंधार. फोनसारखी लिथियमची पाकिटवाली बॅटरी अंगावरच्या उघड्या जरीला अजिबात जोडू नकोस. नाण्याची बॅटरी शॉर्ट झाली तर फार तर संपेल, ती दुसरी पेट घेऊ शकते.

मोराचं म्हणशील तर मोर रेशमाचाच विण की, नेहमीसारखा हिरवा निळा. त्याला करंटशी काय करायचंय. फक्त त्याच्या भोवतीची जर पट्ट्यांना लागू देऊ नकोस.

मागावरचा_येवला

बांगडी मोर होईल. बांगडी जरीची नका करू, पिवळ्या रेशमाची करू, लांबून कळत नाही.

आणि ताई, कापड साडीएवढं विणून घेऊ नका, तुमचे पैसे फुकट जातील. जॅकेटचे जे भाग आहेत, पाठ, दोन पुढे, बाह्या, त्यांचे माप द्या, नक्षी त्या मापात बसवून विणू आणि मध्ये साधं कापड सोडू शिवणीला. नमुना आधी एक वीतभर विणू, तुम्ही तुमचं मीटर लावून बघा, मग पुढचं. जर कुठली पाहिजे ते तुम्ही सांगा, खरी सांगितली तर सुरतहून मागवावी लागेल आणि चांदीचा भाव तुम्हाला माहीतच आहे. तांब्याची आमच्याकडे असते.

एक विनंती, हे कापड हातावरचं आहे तर तसं लिहा बाहेर. पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, हातमागाच्या मालाला २००६ पासून हँडलूम मार्क आहे, १९८५ चा कायदा आहे ज्यात हातमागासाठी राखून ठेवलेल्या मालात साडी येते, तरी एका मोठ्या दुकानात मी स्वतः सेमी पैठणी, म्हणजे पॉवरलूमवरची, "प्युअर हँडलूम, येवला" म्हणून विकताना ऐकलंय. उलटी केली तर मागे सगळे कापलेले धागे. विकणारा म्हणाला ही नवीन टेक्नॉलॉजी आहे.

फक्त_वाचक

"नवीन टेक्नॉलॉजी आहे" हे वाक्य आता मी पण वापरणार, घरी चहा सांडला की.

इचलकरंजीकर

सेमी म्हणून विका की, कोण नको म्हणतंय. आमच्याकडचं कापड घेऊन ज्या बाईला पाच हजारात लग्नाला मिरवता येतंय तिनं का मिरवू नये. खोटं नाव लावतो तो व्यापारी, माग नव्हे. एवढं सोडलं तर दादा तुमच्याशी भांडण नाही. ग्राफ ताणून द्यायला मदत लागली तर पोरीनं इथंच फाईल टाकावी, बसवून देतो. उभे आडवे किती ते तेवढं येवल्याहून विचारून घे आधी.

शिवणकाकू_दादर

सगळे हुशार लोक जमलेत पण जॅकेट शिवायचं कोणी ते कोणी बोललंच नाही. बाळा, मी पैठणीचे ब्लाउज आणि जॅकेटं पुष्कळ शिवलीत, ऐक.

आत्याची साडी. मधलं रेशीम चिरलंय म्हणजे ते गेलं, त्याला मागून काही चिकटवून जॅकेट करू नकोस, पहिल्यांदा घातलंस की कोपराशी फाटणार. पण काठ चांगला आहे म्हणतेस तर फक्त काठ वाचव. साडी मधून कापायची नाही, काठाच्या आत बोटभर रेशीम ठेवून काठ वेगळा काढायचा, म्हणजे आईलाही वाटणार नाही की साडी कापली, काठ काढून ठेवलाय म्हणायचं. तो नवीन जॅकेटच्या कॉलरला आणि बाहीच्या तोंडाला लाव. त्यात दिवे नकोत, जुनी जर वाकवून वाकवून तुटते.

नवीन कापडाला फ्यूजिंग लावतात, इस्त्रीने चिकटतं ते. मी म्हणेन नको. एक तर इस्त्री गरम लागते आणि तुमच्या त्या दिव्यांचं काय होईल देव जाणे, दुसरं म्हणजे एकदा चिकटवलं की मागचा जोड तुटला तर उघडता येत नाही. त्यापेक्षा मऊ मलमल मागून हातटाक्याने बसव. शिवण जरीच्या पट्टीवरून अजिबात जाऊ देऊ नकोस, मशीनची सुई जर तोडते, कड्कन आवाज येतो ना तो तोच. खांद्याला आणि बाहीला पट्टी जोडायची वेळ आलीच तर दोन तुकड्यांमध्ये बटण लाव, ते पितळी टिचबटण, धातूचं असतं, तुमचा करंटही जाईल आणि बाही काढून वेगळी ड्रायक्लीनला देता येईल.

आखेनहून

काकू, टिचबटण!! इथे लोक ह्यासाठी वेगळे कनेक्टर विकत घेतात.

धागादोरा_नाशिक

काकू तुम्हाला नमस्कार. आईला "काठ काढून ठेवलाय" हे आताच सांगून पाहिलं, नुसतं बघितलं माझ्याकडे, पण नाही म्हणाली नाही. मीटर लावलं आत्याच्या काठाला, बीप आला! आणि सांध्यावर बघितलं तर काठाची जर काठातच वळतेय, म्हणजे कडियल ना दादा? उद्या सरांना हा सगळा धागा दाखवणार आहे. येवल्याला येते नमुन्याचं बोलायला, त्याआधी ग्राफ इथे टाकते. उभे आडवे तेवढे कळवा दादा.

मागावरचा_येवला

हो, कडियल. उभे आडवे नमुना विणला की त्यावरच मोजून कळवतो, ताण्यावर अवलंबून थोडं बदलतं, आधी सांगितलं तर इचलकरंजीचे दादा मला बोलतील.

शिवणकाकू_दादर

आणि बॅटरीचा खिसा डाव्या बाजूला आतून घे, कमरेच्या जरा वर. काखेत घेऊ नकोस, घाम लागतो. अस्तर सुती.